एकोणीस टक्क्यांची ज्वारी

धान्यातलं प्रोटीन मी आजवर डोळ्यांनी पाहिलेलं नाही. नगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत मी ते मोजतो, त्यावर घर चालतं, मुलीचं शिक्षण झालं. पण पाहिलेलं नाही. आम्ही करतो काय, तर धान्य दळतो, त्यातलं चिमूटभर पीठ काचेच्या नळीत घालतो, वर सल्फ्युरिक ॲसिड ओततो आणि ते काळंठिक्कर होऊन पुन्हा नितळ होईपर्यंत उकळतो. पिठाचं पीठपण असं पूर्ण संपलं, की उरलेल्या द्रावात नायट्रोजन किती आहे ते काढतो आणि त्याला सव्वासहाने गुणतो. आलेल्या आकड्याला प्रोटीन म्हणतो. सगळीकडे तसंच म्हणतात.

यात एक गोम आहे. नळीला नायट्रोजन तेवढा कळतो, तो कुठून आला हे कळत नाही. लग्नात पानं मोजून वऱ्हाडी किती आले ते ठरवावं, तसा हा प्रकार. रस्त्यावरून जाता जाता मांडवात शिरून कोणी जेवून गेला, तर तोही मुलाचा मामा म्हणून हिशेबात धरला जातो.

हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. त्यामुळे पुढे जे झालं ते न समजल्यामुळे झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

मी कमी बोलतो. लहानपणापासूनच. सासरे मला बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "पाव्हणं, काय करता?"

"प्रोटीन मोजतो."

"मोजून?"

"लिहून देतो."

"मंग?"

"मग दुसरं मोजतो."

ते घरी जाऊन सासूबाईंना म्हणाले, "पोरगं निर्व्यसनी हाय. बोलायचंबी व्यसन न्हाई." लग्न झालं, पण त्यांच्या लेखी मी तेवढाच राहिलो. सासुरवाडीला, खर्ड्याला गेलो की ते माझ्या समोर बसून माझ्या बायकोला विचारायचे, "ह्यांना च्या दिऊ का?"

स्वतः ते लई बोलणारे. आयुष्यभर त्यांनी एसटीची लाल गाडी चालवली. निवृत्त झाल्यावर खर्ड्याजवळची तीन एकर हलकी जमीन कसायला घेतली आणि तिथे त्यांना कळलं, की गावात ड्रायव्हरला मान असतो, पण शेतकरी म्हणून ड्रायव्हरला कोणी विचारत नाही. बांधाला बांध लागून असलेला शेजारी शेतकरी तर टपूनच बसलेला असायचा. सासरे पेरणीला लागले की पलीकडून आवाज यायचा, "ड्रायव्हर, तिफण हाय ती! हॉर्न कुटं शोधताय?" ट्रॅक्टर वळवायला लागले की, "कंडक्टर पाठवू का मागं बघायला?" सासरे हसून घ्यायचे, पण घरी आल्यावर पायातल्या चपला जरा जोरात काढायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या रब्बीत त्यांना ज्वारी बरी झाली. मळणी झाल्यावर एक दिवस ते काही न कळवता आमच्या प्रयोगशाळेत हजर झाले. हातात पिशवी. "ही मोजा," म्हणाले. "गावात जो तो म्हनतो, आमची ज्वारी भारी. एकदा कागदावर येऊ द्या."

आता पिशवीबद्दल सांगायला हवं. आमच्या खिडकीवर एक पाटी आहे: खताच्या गोणीतून किंवा तिच्या पिशवीतून आणलेला नमुना घेतला जाणार नाही. ती पाटी मी लिहिली आहे. आपल्याकडे खताची रिकामी गोणी कोणी टाकून देत नाही. धुतात, उसवतात, तिची हातपिशवी शिवतात, झोळी शिवतात, पावसात डोक्यावर घेतात. मग त्यातच धान्य तपासायला आणतात. खताचा एखादा खडा शिवणीत राहिला, तरी आमचं नायट्रोजनचं गणित बिघडतं. म्हणून मी भल्याभल्यांना परत पाठवलं आहे. श्रीगोंद्याच्या एका बागायतदाराने मोठी गाडी दारात उभी करून माझ्याशी हुज्जत घातली होती. मी काही न बोलता पाटीकडे बोट दाखवलं होतं.

सासऱ्यांची पिशवी युरियाच्या गोणीची होती. सासूबाईंनी मशीनवर शिवलेली, दोन बंद लावलेली, कंपनीचं नाव धुऊन धुऊन अर्धं उरलेलं.

मी पिशवीकडे बघितलं. पाटीकडे बघितलं. बोट उचललं. आणि त्याच बोटाने त्यांना खुर्ची दाखवली.

जावयाने सासऱ्याला "पिशवी बदलून आणा" म्हणायचं, तेही पहाटेची गाडी धरून खर्ड्याहून आलेल्या! आमच्या समाजात याला अजून तरी पद्धत निघालेली नाही. नमुना घेतला.

चाचणीला दिवस जातो. तेवढ्या वेळात सासऱ्यांनी आमच्या पूर्ण प्रयोगशाळेला घाटातल्या ब्रेक फेल गाडीची गोष्ट सांगितली. आमच्या सहकारी बाई एरवी कोणाला दारात उभं करत नाहीत, पण त्यांनी दोनदा चहा मागवला. दुपारी मी शेवटच्या पायरीला आलो. यात फ्लास्कमधला हिरवा रंग ॲसिडच्या थेंबांनी गुलाबी होईपर्यंत थेंब मोजायचे असतात. ज्वारीला किती थेंब लागतात ते माझ्या हाताला पाठ आहे. त्या दिवशी तेवढे थेंब पडले, रंग हिरवाच. आणखी पडले, हिरवाच.

सहकारी बाई वाकून बघत म्हणाल्या, "सर, ही ज्वारी आहे का सोयाबीन?"

हिशेब केला. एकोणीस टक्के. ज्वारी दहाच्या आसपास असते; कमी-जास्त झाली तर एक-दीडने. एकोणीस आलं की नियम असा, की चाचणी पुन्हा करायची. मी नळी हातात घेतलीही होती. तेवढ्यात सासरे दारात आले, "चारची गाडी हाय. झालं का?"

"एकोणीस आलं," मी म्हणालो.

"शंबरात?"

"हो."

त्यांचा चेहरा पडला. "म्हंजी नापासच की."

हे मला बघवलं नाही. मी म्हणालो, "मामा, बाकीच्यांना दहा पडतात."

त्यांनी सदरा खाली ओढून नीट केला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "जावईबापू!" लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, हा शब्द मला उद्देशून पहिल्यांदा आला. मी रिपोर्ट छापला, शिक्का मारला, सही केली. चारची गाडी त्यांना मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेली ज्वारी परातीत पसरली. मोत्यासारखे पिवळट पांढरे दाणे. त्यांत काही जरा जास्तच गोल, जरा जास्तच बारीक. एक उचलला. प्रयोगशाळेत काही चाखायचं नसतं, हेही मीच इतरांना शिकवतो. जिभेवर ठेवला. गार लागला, विरघळला आणि मग कडवट चव आली.

युरिया. सासऱ्यांनी त्याच पिशवीची झोळी करून उन्हाळी कांद्याला खत फेकलं असणार आणि उरलेलं कोपऱ्यात मूठभर तसंच राहिलं असणार. खर्डा ते नगर रस्त्याने दोन्हीचं मिश्रण असं एकजीव करून दिलं होतं, की आमच्या मशीनलाही जमलं नसतं.

मी ज्वारी निवडली, धुतली, वाळवली आणि पुन्हा मोजली. साडेनऊ. म्हणजे भारी सोडाच, चारचौघींत जरा मागेच.

लगेच फोन लावला. सासूबाईंनी उचलला. "बाबा, लई चांगलं काम केलं तुमी. काल ह्यांनी जामखेडला उतरल्या उतरल्या हाटेलात समद्यांना कागद दावला. रिटायर झाल्यापासनं माणूस असा हसला न्हवता बगा. काय म्हनत हुता?"

"काही नाही," मी म्हणालो. "सहज."

हे 'सहज' पुढे सहा महिने चाललं.

बोलक्या माणसाच्या पोटात काही राहिलं की ते त्याच्या तोंडावर दिसतं, घरचे विचारतात. मी गप्प होतो, पण मी नेहमीच गप्प असतो. कोणाला संशय यायचं कारणच नव्हतं. जेवताना बायको म्हणायची, "आबा खूश आहेत हो तुमच्यावर." मी आमटी ओरपायचो.

तिकडे गोष्ट फुगत गेली. गावाच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. त्यावर खाकी वर्दीतले सासरे, मधे माझा रिपोर्ट शिक्क्यासकट आणि दुसऱ्या बाजूला मी. माझा दुसरा फोटो त्यांच्याकडे नसल्यामुळे लग्नातला लावलेला, मुंडावळ्यांसह. खाली 'शास्त्रज्ञ' असं लिहिलेलं. गावच्या व्यायामशाळेतली पोरं त्याच ज्वारीची भाकरी खायला लागली. एकाने मला दंड दाखवून सांगितलं, "दाजी, पंधरा दिवसांत फरक हाय बगा." दंडाला हात लावून मी मान हलवली. साडेनऊ टक्क्यांवर वाढलेला तो दंड खरोखर चांगला होता.

आणि एक दिवस बांधापलीकडचा शेजारी सासऱ्यांच्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "ड्रायव्हर, औंदा तुमचं बी द्या मला."

सासऱ्यांनी मला त्याच दिवशी फोन केला. "जावईबापू, त्यो स्वतः आला. मागून घेतलं त्यानं." पुढे त्यांना बोलता येईना. आमच्या दोघांत मीच बोलका वाटावा, असा तो एकमेव फोन.

तिथून मात्र मला झोप लागेना. खोट्या आकड्यावर म्हातारा खूश आहे, तर असू दे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पण आता सासऱ्यांनी ठरवलं, की पोळा झाला की ज्याला हवं त्याला एकरभर बियाणं द्यायचं, तेही असंच, प्रेमाने. निम्म्या गावाने नावं दिली. त्यांची ज्वारी हलक्या रानातली, बुटकी, दाणा बारीक. ती काळ्या रानात पेरली असती तर कडबा निम्म्याने घटला असता आणि तिकडे ज्वारी पेरतात ती अर्धी कडब्यासाठीच. शेजाऱ्याने तर आपलं पिढीजात बियाणं दळून खायला काढलं. त्याचं कारण एकच होतं: माझी सही.

वाटपाचा कार्यक्रम ठरला. प्रमुख पाहुणा अर्थात मी. "दोन शब्द बोला," सासऱ्यांनी बजावलं. "जास्त न्हाई मागत. दोनच."

सकाळी पोचल्या पोचल्या त्यांना बाजूला घेऊन सांगायचं, असं ठरवून मी गेलो. पण त्यांनी नवा फेटा बांधला होता. म्हटलं, नाश्ता झाल्यावर सांगू. नाश्त्याला सरपंच येऊन बसले. मग म्हटलं, कार्यक्रमाला निघताना. निघताना हलगी सुरू झाली. होता होता मी ग्रामपंचायतीपुढच्या मांडवात, गळ्यात हार, समोर माईक. मागे ज्वारीच्या पिशव्यांची थप्पी, पुढे अख्खं गाव.

मी उठलो. "मामांची ज्वारी चांगली आहे," म्हणालो. टाळ्या. "पण तिच्यात प्रोटीन नव्हतं. युरिया होता."

मला वाटलं, आता सगळं कोसळतंय. पण सरपंचांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलं का! ज्वारीच्या आतच युरिया! म्हंजी वरनं खत टाकायचं कामच न्हाई!"

एवढ्या टाळ्या त्या मांडवात आधी पडल्या नसतील. मागून कोणी ओरडलं, "मला दोन एकराचं द्या!" एक म्हातारे उठून विचारायला लागले, ही कांद्यात आंतरपीक घेतली तर कांद्यालाबी पुरंल का.

"नाही, नाही, तसं नाही," मी म्हणालो आणि मग आयुष्यात प्रथम बोलत सुटलो. नायट्रोजन सांगितला, सव्वासहा सांगितले, नळी, ॲसिड, हिरवा, गुलाबी. बाया पदराआड जांभया द्यायला लागल्या. सरपंच समजल्यासारखी मान डोलवत होते, म्हणजे त्यांना काहीच समजलं नव्हतं. एकाच माणसाला समजत होतं. सासऱ्यांचं लक्ष घाटातल्या वळणावर असेल तसं माझ्याकडे होतं.

त्यांनी खुर्चीतूनच विचारलं, "पिशवीतला?"

"हो."

"कांद्याच्या झोळीतला?"

"हो, मामा."

"मंग खरी किती आली?"

"साडेनऊ." माईक चालूच होता. साडेनऊ मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू गेले.

"कवा कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

आता गावालाही कळलं. सगळ्यांत आधी बांधापलीकडच्या शेजाऱ्याला. तो उभा राहून म्हणाला, "ड्रायव्हर, आरं निम्मी गाडी रिकामीच पळवत हुतास की!" मांडव हसून हसून लोळायचा राहिला. मुंडावळ्यातल्या शास्त्रज्ञावरही दोन-तीन विनोद झाले. ते चांगले होते. मी इथे लिहीत नाही.

सासरे उठले. फेटा सावरला. माईक माझ्या हातातून घेतला. "बी म्हनून कुनी नेऊ नगा," म्हणाले. "काळ्या रानात पेराल तर माझ्या नावानं बोंबलाल. खायची आसंल तर न्या. भाकरीला वाईट न्हाई." आणि माझ्याकडे न बघता मांडवाबाहेर गेले.

लोकांनी पिशव्या नेल्या, एकही उरली नाही. शेजाऱ्याने दोन नेल्या, कारण आपलं बियाणं दळून बसल्याचा राग त्याला होताच. पेरायला मात्र त्याने भावाकडून ज्वारी आणली. गावाचा रब्बी वाचला. सासऱ्यांचं शेतकरीपण तेवढं गेलं.

बायको मांडवात बायांमध्येच बसली होती. परतताना जामखेडजवळ गाडीत म्हणाली, "सहा महिने माझ्यासमोर बसून जेवलात. मलाही सांगू नये?"

"तू आबांना सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं! त्याच दिवशी! त्या दिवशी काय झालं असतं? हॉटेलातल्या चार माणसांपुढे फजिती. आज अख्ख्या गावापुढे झाली." मला वाटत होतं, मी गप्प राहून त्यांचं सुख सांभाळतोय. खरं तर मी ती 'जावईबापू' ही हाक सांभाळत होतो. दर फोनला ती ऐकायची सवय लागली होती. हे मी बायकोलाही तेव्हा सांगितलं नाही; इथे पहिल्यांदा लिहितोय.

सासरे पुढे माझ्याशी बोलेनात. फोन यायचा तो बायकोला. त्यातही माझा उल्लेख 'ते' असा. "ते जेवले का? न्हाई, मला काय करायचंय, सहज विचारलं."

गेल्या मळणीनंतर आमच्या खिडकीशी एक ओळखीचा चेहरा आला. बांधापलीकडचा शेजारी. स्टीलचा डबा घेऊन, घासूनपुसून. "दाजी, मोजा आमचीबी. आनि ह्या खेपंला खरं सांगा." मी मोजली, लगेच पुन्हा मोजली. साडेदहा आली. तो रिपोर्टची घडी करून खिशात घालत म्हणाला, "ह्याचा फ्लेक्स न्हाई लावायचा. पन ड्रायव्हरला दावतो."

ही बातमी खर्ड्याला माझ्या आधी पोचली. त्याच रविवारी दुपारी बायकोचा फोन वाजला. तिने ऐकलं आणि फोन माझ्यापुढे धरला. पलीकडे सासरे.

"त्येची तपासली म्हनं."

"हो, मामा."

"किती?"

सांगावं की नाही, याचा विचार करायला मी पूर्वी सहा महिने घेतले होते. या वेळी एक श्वास घेतला. "साडेदहा."

ते म्हणाले, "आनि खरं सांगा, माझी ज्वारी कशी हाय? चाचनी-बिचनी सोडा. तुमी रान बघितलंय, दाना बघितलाय."

"साधारण आहे, मामा. पेरा दाट पडतो तुमचा. विरळणी करत नाही. आणि पेरणीला तुम्हाला दरवर्षी आठवडा उशीर होतो, कारण तुम्ही शेजाऱ्याची पेरणी होईपर्यंत थांबता, त्याने बघू नये म्हणून."

फोन बंद झाला.

बायको कमरेवर हात ठेवून उभी होती. "अहो, एवढं सगळं सांगायची काय गरज होती?"

मी काही बोलणार, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. सासरेच. रामराम नाही, जेवलात का नाही.

"विरळनी म्हंजी," ते म्हणाले, "किती बोटांवर ठिवायचं रोप?"